पडण्याआधीचे तीन दिवस

मोबाइलवर एक क्लिप कायम फिरत असते. गाव बदलते, इमारत बदलते, क्लिप तीच. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत दिसणारे अर्धवट बांधकाम, परांचीवर उभा असलेला माणूस, मागे टाकलेले एक पाऊल, आणि माणूस फ्रेमच्या बाहेर. तीन सेकंदांत खेळ खलास. कोणीतरी त्याला करुण संगीत लावतो, कोणी खाली हात जोडल्याचे चिन्ह टाकतो आणि ‘काळजी घ्या’ म्हणून क्लिप पुढच्या ग्रुपवर जाते. जुळे सोलापुरातल्या टपरीवर चहा पिता पिता ती बघणारे सेंट्रिंगवाले मी पाहिले आहेत. बघतात, हळहळतात, फोन खिशात घालतात आणि समोरच्या तसल्याच परांचीवर चढतात.

त्यांना बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या तीन सेकंदांत त्यांच्यासाठी नवे असे काय असते? उंचावरून माणूस पडतो आणि पडला की मरतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ठाऊक करून घेण्यासारखे जे असते ते त्याच्या आधी घडून गेलेले असते आणि त्या वेळी कॅमेरा दुसरीकडे बघत असतो. बांधकामावरच्या सुरक्षेसाठी गोष्ट सांगायची, फिल्म करायची, पोस्टर लावायचे, आवाजी संदेश पाठवायचे असे अलीकडे बरेच बोलले जाते. कल्पना चांगलीच आहे. माझे म्हणणे एवढेच की ती गोष्ट पडण्यापासून सुरू करू नका. तीन दिवस मागे जा.

कोणत्याही साध्या बंगल्याचा एक हजार चौरस फुटांचा स्लॅब घ्या. जाडी पाच इंच. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो, म्हणजे या एका स्लॅबचे नुसते काँक्रीट जवळपास २८ टन भरते. वर सळई, वर वीस-पंचवीस माणसे, ओतताना बसणारे धक्के. हे सगळे ओझे पहिले काही दिवस स्लॅब स्वतः पेलत नाही, खालच्या बल्ल्या आणि जॅक पेलतात. आता तीन दिवस आधीची दुपार बघा. सेंट्रिंगच्या ठेकेदाराचे सामान दोन साइटवर विभागलेले आहे, म्हणून दर बल्लीमागे अंतर थोडे वाढवले जाते. जी बल्ली आखूड पडते तिच्याखाली विटेचा तुकडा सरकवला जातो. बल्ल्या एकमेकींना तिरप्या-आडव्या बांधून घ्यायच्या असतात, ते उद्यावर राहते. खाली सोलापूरची काळी माती. वाळली की तिला भेगा पडतात, भिजली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. रात्री एक सर येऊन जाते. सकाळी मिक्सर आलेला असतो, पंचवीस माणसांची हजेरी लागलेली असते, मालकाने नारळ फोडलेला असतो. अशा वेळी काम थांबवा म्हणण्याची छाती कुणाची? मग कोपऱ्यात एकाच जागी काँक्रीटचा ढीग पडतो, विटेच्या तुकड्यावरची बल्ली कलते आणि तिच्याबरोबर सगळे खाली येते. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते की स्लॅब ‘अचानक’ कोसळला.

या गोष्टीत किमान सहा ठिकाणी कुणी ना कुणी वेगळे काही करू शकला असता. त्यातली फार तर एक जागा मजुराच्या हातातली होती. आपल्याकडच्या सुरक्षेच्या पोस्टरांनी मात्र पाऊणशे टक्के बोट त्याच्याकडेच दाखवलेले असते. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, लक्ष देऊन काम करा. चित्रातला कामगार गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, नवे कोरे पिवळे हेल्मेट. असा माणूस कुठल्या नाक्यावर उभा असतो, ते चित्रकारालाच ठाऊक.

पोस्टरची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली. आज तिचे मुख्यालय नवी मुंबईत आहे. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून १९७२ पासून पाळला जातो आणि त्याच्या आगेमागे कारखान्यांत सप्ताह साजरे होतात. मुंबईत शीवला केंद्रीय कामगार संस्थेत औद्योगिक सुरक्षेचे संग्रहालयही आहे. हे सारे मुख्यतः कारखान्याला डोळ्यांसमोर ठेवून उभे राहिले. कारखान्याला गेट असते, नोटीस बोर्ड असतो, तीच माणसे रोज त्याच दारातून आत येतात, त्यामुळे तिथे पोस्टर तग धरते. बांधकामाची साइट म्हणजे चार महिन्यांचा संसार. आज फुटिंग, उद्या कॉलम, परवा स्लॅब. सेंट्रिंगवाले गेले की बांधकामवाले, मग गिलाव्याचे, मग फरशीचे, मग रंगाचे. भिंत उभी राहते तोवर पोस्टर लावायला भिंतच नसते, आणि भिंत झाली की तिला गिलावा करायचा असतो.

सोलापूर परिसरात याला अपवाद होता तो एनटीपीसीचा. १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहत असताना, म्हणजे त्याचा पहिला संच २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली चालू होईपर्यंत, आसपासच्या गावांतल्या अनेकांनी मोठ्या साइटची शिस्त प्रथम पाहिली. अशा कामांवर सकाळी काम सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटे सगळ्यांना गोळा करून त्या दिवशीच्या कामातला धोका सांगतात. त्याला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणायचे. सांगणारा बरा असेल तर उपयोग होतो. वाचून दाखवणारा असेल तर लोक तंबाखू मळत उभे राहतात. तरी निदान तिथे कोणीतरी सांगायला असतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी बंधनकारक केले ते ५०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला. होटगी रोडवर किंवा विजापूर रोडला जी कामे चालतात त्यांतल्या बहुतेक ठिकाणी एका वेळी पंधरा-वीस माणसेसुद्धा नसतात. तिथे सुरक्षा अधिकारी म्हणजे मुकादम, आणि मुकादमाला काम कधी संपेल याचीच पडलेली.

मग राहते ती पेटी. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद झालेल्या कामगारांना संच मिळतात. नोंदणीला वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. पत्र्याची पेटी, चटई, डबा, पाण्याची बाटली, मच्छरदाणी, टॉर्च. आणि सुरक्षेचे म्हणून हेल्मेट, बूट, हातमोजे, जाकीट, हार्नेस. भांड्यांचा संचही मिळतो. त्यासाठी लागणाऱ्या रांगांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. पेटीतला डबा आणि बाटली पहिल्या दिवसापासून वापरात येते. बूट दिवाळीला किंवा गावाकडच्या लग्नाला. हार्नेस पेटीच्या तळाशी राहतो.

का राहतो, ते समजून घेण्यासारखे आहे. हार्नेस म्हणजे खांद्या-मांड्यांतून जाणारे पट्टे आणि पाठीला दोरी, दोरीच्या टोकाला हुक. माणूस पडला तर त्याचे सगळे वजन झटक्यासह त्या हुकावर येणार. तेव्हा हुक ज्याला अडकवायचा ते ठिकाण माणसापेक्षा कितीतरी मजबूत हवे. मोठ्या साइटवर त्यासाठी आडवी तार ओढलेली असते. बंगल्याच्या कामावर बांबू आणि काथ्या. तिथे पट्टा अडकवायचा कशाला, हा सेंट्रिंगवाल्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. परांचीच्या बांबूला अडकवला तर पडताना तो परांचीही अंगावर घेऊन येईल. पट्टा बांधायला सांगणारी फिल्म या प्रश्नाशी थांबत नाही, म्हणून ती बघणाऱ्याच्या लेखी खोटी ठरते. पहिल्या मिनिटाला एक खोटे सापडले की पुढची नऊ मिनिटे तो फक्त पाहतो, ऐकत नाही.

आणि काही मरणे अशी असतात की त्यांत पेटीतली एकही वस्तू कामाला येत नाही. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला पावसाने एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले, बहुतेक बिहारहून आलेले, त्यांत लहान मुलेही होती. ते झोपले होते. त्यांना कुठले हेल्मेट घालायला सांगणार होतो आपण? भिंतीला लागून खोदकाम करू द्यायचे का, त्याच भिंतीखाली झोपड्या बांधू द्यायच्या का, हे निर्णय त्यांच्यातल्या एकानेही घेतलेले नव्हते.

*

सोलापुरात गोष्ट सांगायची म्हटले की पहिला पेच भाषेचा. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या वाटेला लागले की कन्नड, मध्ये दखनी उर्दू, आणि सगळ्यांना धरून असलेली सोलापुरी मराठी. शिवाय फरशी, पीओपी, रंगाच्या कामांना आता राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारहून येणारी मुले. एका स्लॅबवर चार भाषा सहज असतात. मुंबईत बनवलेली शुद्ध मराठी फिल्म इथे लावली तर निम्म्यांना ती सरकारी वाटते आणि उरलेल्यांना कळत नाही.

युरोपातल्या काही सुरक्षा संस्थांनी या पेचावर १९९८ साली एक उत्तर काढले. ‘नापो’ नावाचे एक व्यंगचित्र-पात्र, आणि त्याच्या छोट्या फिल्म. त्यात कोणी बोलतच नाही. नापो वेंधळा आहे, पण मूर्ख नाही. कित्येकदा चूक त्याच्या साहेबाची असते आणि तीही दाखवली जाते. देशागणिक भाषा बदलणाऱ्या खंडाला मुका नायक बरोबर चालला. चॅप्लिनवर पोसलेल्या आपल्या प्रेक्षकालाही चालेल. मात्र नापोचे कारखाने स्वच्छ, यंत्रे चकचकीत. आपल्याला घमेले, थापी, ओळंबा, डोक्यावर चुंबळ घेऊन जिना नसताना उतारावरून चढणारी बाई, आणि कोपऱ्यात साडीच्या झोळीत झोपलेले तिचे पोर असा नापो हवा. बायकांशिवाय बांधकाम चित्रात तरी होते, साइटवर होत नाही.

असा नायक बाहेरून आणायची गरज नाही. सोलापूर जिल्ह्याने हा धडा सिनेमात आधीच गिरवला आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. दगड फोडणे आणि माती उपसणे हे या समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. माती वडार, गाडी वडार अशा त्यांच्या ओळखीच कामावरून पडल्या. मंजुळेंनी ‘फँड्री’साठी नायक शोधला तो शेजारच्या केम गावात, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे. त्याला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या पोराला अभिनय शिकवावा लागला असेल, पण उन्हात उभे कसे राहायचे हे शिकवावे लागले नाही. बांधकामावरच्या फिल्मला नेमके हेच पाहिजे. खरा गवंडी थापी ज्या सहजतेने धरतो ती नटाला महिनाभरात येत नाही आणि बघणारा गवंडी पहिल्या झटक्यात ओळखतो.

आणखी मागे जायचे तर शाहीर अमर शेख बार्शीचे. अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर आणि शेख यांच्या कलापथकाने गिरणीच्या दारात उभे राहून कामगाराला त्याचीच गोष्ट सांगितली, आणि ती हजारोंनी ऐकली. डफ आणि खडा आवाज एवढेच भांडवल. तेव्हा ‘मल्टिमीडिया’ हा शब्द कुणाला माहीत नव्हता हे बरेच झाले. नाहीतर आधी निविदा निघाली असती.

कष्टकऱ्यांच्या हाती कॅमेरा देण्याचे प्रयोगही काही आजचे नाहीत. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत १९८४ साली मार्था स्टुअर्ट यांनी भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना व्हिडिओ शिकवला आणि त्यातून ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली. आपल्याच हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत गेले की झहीराबाद लागते. तिथल्या पस्तापूर परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका स्वतः फिल्म करतात, आणि १५ ऑक्टोबर २००८ पासून त्यांचा ‘संघम रेडिओ’ चालतो. आपल्या हद्दीला लागून असलेल्या म्हसवडला माणदेशी संस्थेचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, तेही २००८ पासून. दोन्हीकडच्या बायका शेतीवर, आरोग्यावर, हिशेबावर बोलतात. सेंट्रिंगवर का बोलू नये? गवंड्याचे हात दिवसभर गुंतलेले, डोळे ओळंब्यावर. कान तेवढे मोकळे. साइटवर दिवसभर कुणाच्या तरी फोनवर गाणी वाजतच असतात. त्या गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटांची तेलुगू किंवा कन्नड गोष्ट आली तर ती बंद करायला कोण शिडी उतरून येणार आहे?

कॅमेऱ्याचा सराव तर सोलापूरकरांना भरपूर आहे. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली, तेव्हा अख्ख्या शहराने ती वेगवेगळ्या कोनांतून टिपली होती. कुठून घेतले तर धूळ कशी दिसते, हे आम्हाला शिकवायला कोणी यायला नको.

*

इथे एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी, कारण फिल्मवाल्यांच्या सादरीकरणात ती सहसा नसते. मायकल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये सुरक्षा-प्रशिक्षणाच्या ९५ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे २१ हजार कामगारांचा, एकत्र हिशेब मांडला. प्रशिक्षणात कामगार जितका जास्त गुंतलेला तितके शिकणे जास्त आणि अपघात कमी, असा त्याचा निष्कर्ष. पण त्यांच्या उतरंडीत सर्वात खालच्या पायरीवर काय होते? भाषण, पत्रक आणि व्हिडिओ. नुसती फिल्म दाखवणे हे भाषण देण्याच्याच रांगेत बसते. वरच्या पायरीवर होते ते हाताने करून बघणे, विचारणे, बोलणे.

तेव्हा फिल्म दाखवून दिवे लावले की काम झाले, असे नाही. शेतकऱ्यांसाठी व्हिडिओ करणाऱ्या ‘डिजिटल ग्रीन’ने हे वेळीच ओळखले. बेंगळुरूत २००६ साली सुरू झालेल्या या कामात गावातलाच एक माणूस छोट्या प्रोजेक्टरवर फिल्म लावतो, मध्येच थांबवतो आणि विचारतो. मला वाटते बांधकामासाठी तर ती अर्ध्यावरच संपवावी. बल्लीखाली विटेचा तुकडा सरकवला, कट. आता सांगा, पुढे काय होणार आणि आत्ता काय करायला पाहिजे? पंधरा वर्षे सेंट्रिंग करणारा माणूस अशा वेळी जे बोलतो ते कुठल्याही संहितेपेक्षा सरस असते.

एक गोष्ट मी मनात लिहून ठेवली आहे, तिची रूपरेषा देतो. नवीन बंगला, मागच्या बाजूला सेप्टिक टाकी. स्लॅब टाकून झाकली आहे, वर माणूस कसाबसा जाईल एवढे एकच भोक. आत सेंट्रिंगच्या फळ्या-बल्ल्या आणि तळाला पाणी. पंधरा-वीस दिवस झाले. फिल्म सुरू होते ती टाकीपासून खूप लांब, दिवाणखान्यात. गुरुजी पंचांग बघून वास्तुशांतीचा मुहूर्त सांगतात, मालक फोनवरून ठेकेदाराला तारीख कळवतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम सेंट्रिंगच्या पोराला. तारीख तीच राहते, आवाज प्रत्येक फोनला चढत जातो. भाड्याच्या फळ्याही परत द्यायच्या आहेत. दुसऱ्या दिवशी पोरगा भोकातून उतरतो.

बंद, ओल्या टाकीत लाकूड कुजत असते आणि कुजणारे लाकूड ऑक्सिजन खाते. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात, आणि दहा टक्क्यांच्या आसपास आला की माणूस काही कळायच्या आतच बेशुद्ध होऊ शकतो. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. पोरगा हाकेला ओ देत नाही म्हणून दुसरा उतरतो. त्याला वाटते पहिला घसरून पडला. मग तिसरा. अशा घटनांत वाचवायला उतरलेलेही जातात, आणि उतरणारा बहुधा भाऊ, मेहुणा किंवा गाववाला असतो, कारण नाक्यावरून टोळी नात्यानेच जमते. त्याला ‘उतरू नको’ म्हणणे हे हेल्मेट घाल म्हणण्याइतके सोपे नाही. नियम त्याच्या मायेच्या आड येतो. ही घालमेल पोस्टरवर मावत नाही. तिला गोष्टच लागते.

जुने लोक विहिरीत आधी कंदील सोडायचे. ज्योत विझली तर उतरायचे नाही. ते शहाणपण होते, पण अपुरे. ज्योत विषारी वायू ओळखत नाही, आणि आत पेट घेणारा वायू असेल तर दिवाच घात करतो. करायचे ते असे: टाकी बांधतानाच दोन भोके ठेवायची, पाणी आधी उपसायचे, झाकणे उघडी ठेवून पंख्याने बराच वेळ हवा मारायची, हवा मोजल्याशिवाय कोणाला आत सोडायचे नाही, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर आणि दोराचे टोक वरच्या माणसाच्या हातात. खाली काही झालेच तर दोर ओढायचा, अग्निशमनला फोन करायचा, आत उडी घ्यायची नाही. दोन भोके ठेवायला फारसा खर्च नाही. पण ती नकाशावर काढावी लागतात आणि नकाशा मजूर काढत नाही.

स्लॅबच्या बल्ल्या कधी काढायच्या, याचेही तसेच. भारतीय मानक ४५६ सांगते की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब गाळ्याचे १४ दिवस, तुळयांखालचे १४ ते २१ दिवस ठेवावेत. हे आकडे सेंट्रिंगवाल्याला साधारण ठाऊक असतात. त्याला घाई करणाऱ्याला ठाऊक नसतात.

खऱ्या अपघाताची गोष्ट सांगायची तर कुणाची सांगायची, हाही प्रश्न आहेच. घरच्यांना विचारल्याशिवाय मेलेल्याचा फोटो लावणारे ‘जनजागृती’वाले मला माणूसघाणे वाटतात. अमेरिकेत ‘नायॉश’ ही सरकारी संस्था १९८२ पासून कामावरच्या मृत्यूंची चौकशी करून लहान लहान वृत्तांत प्रसिद्ध करते. त्यात मृताचे नाव नसते, कंपनीचेही नसते. ठरावीक उंचीची शिडी, ठरावीक जागी असलेली तार, सकाळची वेळ, आणि काय केले असते तर हे टळले असते. दोष कुणाचा हे ठरवायला पोलीस आणि कोर्ट आहे. गोष्टीला फक्त कसे घडले ते हवे. आपल्याकडे कामावर मृत्यू झाला तर नोंदणीकृत कामगाराच्या वारसाला मंडळाकडून पाच लाख रुपये मिळतात. त्यासाठी पंचनामा होतो, कागद होतात, अर्ज होतो. म्हणजे प्रत्येक मृत्यूची कहाणी कुठल्या ना कुठल्या फायलीत लिहिलेली असते. नावे पुसून ती नाक्यावर आली, तर सोलापूरच्याच कामांतून सोलापूरचा अभ्यासक्रम तयार होईल. विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, वालचंदमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी आहे. एकाला गोष्ट हवी असते, दुसऱ्याला प्रकल्प.

दाखवायची कुठे, हे सोपे आहे. कुंभारीला रे नगरात असंघटित कामगारांसाठी ८३४ इमारती आणि ३० हजार घरांची वसाहत उभी राहते आहे. त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी दिला गेला. कामगार नेते आडम मास्तरांनी तिच्यासाठी किती खेटे घातले ते सोलापूरला सांगायला नको. त्याआधीची विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहतही तिथेच. बाई विडी वळते आणि नवरा गवंडीकामाला जातो, अशी घरे या बाजूला कितीतरी. तिथे संध्याकाळी इमारतीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला तर प्रेक्षक बोलवावा लागणार नाही. आणि घरची बाई त्या टाकीची गोष्ट बघते आहे, याला वेगळे वजन आहे. मुकादमापुढे जो मान हलवतो तो घरी तसा सुटत नाही.

तरी हा अर्धाच प्रेक्षक झाला. उरलेला अर्धा रे नगरात राहत नाही.

१९९६ च्या कायद्यातून स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले दहा लाखांपर्यंतचे घर वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या, त्यांत ही मर्यादा पन्नास लाख झाली आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेले कामही बाहेरच. बांधकामाचा दर चौरस फुटाला दोन हजारांच्या आसपास धरला तरी दीड हजार फुटांचा बंगला तीस लाखांत बसतो. म्हणजे जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, शेळगीत जी घरे उभी राहतात त्यांतली बहुतेक या कायद्याच्या नजरेतून सुटणार. निरीक्षक येणार नाही, उपकर भरायचा नाही, सुरक्षा अधिकाऱ्याचा प्रश्नच नाही. उरतो तो घरमालक. शिक्षक, बँकेतला अधिकारी, डॉक्टर, यंत्रमागवाला. आयुष्यात एकदाच घर बांधणारा, मजुराशी वाईट न वागणारा, स्लॅबच्या दिवशी सगळ्यांना जेवण घालणारा माणूस. बल्ल्यांचे अंतर, टाकीची भोके, मुहूर्ताची तारीख, परांचीला बांबू की लोखंडी पाइप, या सगळ्या ठिकाणी शेवटचा शब्द त्याचा असतो आणि यांतले त्याला कोणी काही सांगितलेले नसते. सुरक्षेची एकही फिल्म आजवर त्याला उद्देशून झालेली माझ्या पाहण्यात नाही.

त्याला गाठायची एक जागा मात्र नक्की आहे. घर तीस लाखांचे असो की तीन कोटींचे, महापालिकेच्या बांधकाम परवान्याशिवाय वीट लागत नाही. आर्किटेक्टमार्फत का होईना, सहीला, चलनाला, त्रुटी काढल्या की त्या पुरवायला मालकाची फेरी होतेच. तिथे खुर्च्या आहेत, भिंत आहे, वाट बघण्यात जाणारा वेळ आहे. एक टीव्ही, दिवाणखान्यातल्या पंचांगापासून सुरू होणारी सहा मिनिटांची फिल्म, आणि परवान्याच्या कागदाला जोडलेले एक पान: टाकीला दोन भोके, टेकू काढण्याचे दिवस, परांचीचा खर्च ठेकेदाराच्या दरात वेगळा लिहून घ्या. तो खर्च वेगळा लिहिला गेला तर पट्टा अडकवायला तार येईल. ठेकेदाराच्या एकूण आकड्यात तो मुरवलेला राहिला, तर घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री त्यालाच लागते, आणि ती घासाघीस करणारे आपण सगळेच आहोत.